गाणं थांबवणारे गार्डसाहेब

रूथचा फोन आला तेव्हा मी जळगावच्या बाजारात दोन्ही हातांत एकेक वांगं धरून उभा होतो. दिवाळी नुकतीच झाली होती, भरताची हिरवी वांगी बाजारात उतरायला लागली होती, आणि कमी बियांचं वांगं हाताला हलकं लागतं हे ज्ञान मी भाजीवालीला देत होतो. ती बिचारी ऐकून घेत होती, कारण दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. मान वाकडी करून फोन खांद्यात धरला. रूथ माझी चुलत बहीण, नानांची मुलगी. धुळ्याला असते. "विजूदादा, नाना गेले. पहाटे… झोपेतच." मी म्हणालो, "बरं." असल्या वेळी माणसं काय काय चांगलं बोलतात, आणि मी म्हणालो, बरं. मग भाजीवालीने किती किलो विचारलं, तर मी तिला सगळीच टाक म्हणालो. तिने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि पिशवी भरली.

ती पिशवी घेऊन मी तसाच धुळ्याच्या बसमध्ये बसलो. पारोळा आलं तेव्हा कुठे लक्षात आलं की आपण सख्ख्या काकाच्या मातीला चाललोय आणि मांडीवर वांग्यांची पिशवी आहे. आता तिचं करायचं काय? बसमध्ये सोडावी तर वांगी चांगली होती. शेवटी तशीच घेऊन घरात शिरलो. पुरुष मंडळी अंगणात खुर्च्या मांडत होती, त्यांनी "सलाम" केला, मी पिशवीसकट हात वर केला. रूथ तोवर कोरडीच होती म्हणे. तिने पिशवी पाहिली आणि तिथेच दारात बसली. "विचारलंच असतं रे त्यांनी… वांगा लयना का, म्हणून." हसत होती की रडत होती, मला सांगता येणार नाही. माझंही तेच चाललं होतं.

कारण दरवर्षी कापणीच्या सणाला जळगावहून वांगी आणायची, हे चर्चच्या मंडळीने माझ्याकडे सोपवलेलं एकमेव जबाबदारीचं काम. धुळ्याच्या आमच्या चर्चमध्ये हा सण नोव्हेंबरात असतो. ज्वारी-बाजरीची कणसं, कापसाची बोंडं, केळीचे घड, डांगर, शेंगा, जे ज्याच्या शेतात पिकलं ते वेदीसमोर आणून ठेवायचं, ज्याला शेत नाही त्याने परसातली मेथीची जुडी आणायची. आदल्या दिवशी दुपारपासून बाया कणसांच्या पेंढ्या बांधून खांबांना लावतात, तरुण संघ पताका लावतो आणि पंच मंडळी उभं राहून त्या वाकड्या आहेत असं सांगतात. उपासना झाली की मागच्या आवारात राखून ठेवलेल्या कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजायची, सोलायची, लाकडी बडगीत मिरची-लसणासकट ठेचायची आणि पुऱ्यांबरोबर अख्ख्या मंडळीने जेवायचं. पाहुणे प्रवचनाची तारीफ करतात खरी, पण ती जेवणानंतर. आधी कुणी केल्याचं ऐकिवात नाही.

या सणाचं एक गाणं आहे. पेरणीपासून खळ्यापर्यंत एकेक काम एकेका कडव्यात. प्रत्येक कडव्यात दोन ओळी खालच्या सुरात आणि तिसरी एकदम चढी. ते गाणं धरायचे नाना. पुढच्या बाकाजवळ उभे राहून, हातात झांज. आणि आमच्या मंडळीत दुसरी ओळ संपली की गाणं थांबतं. चुकून नाही, अडखळून नाही… सगळं चर्च थांबतं. नानांचा झांजेचा हात वर, नजर बायकांच्या बाजूला, खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर. तिथे बसलेली अक्का पदर सावरून एक श्वास घेणार, मान हलवणार, मग झांज पडणार आणि चढी ओळ सुरू होणार. मी हे लहानपणापासून बघत आलो, त्यामुळे ते थांबणं मला गाण्याचाच भाग वाटायचं.

नाना हे चाळीसगाव–धुळे गाडीचे गार्ड. पांढरी पँट, शिट्टी, हिरवा बावटा. वेळेचे इतके पक्के की शेजारी त्यांच्या निघण्यावर घड्याळ लावत. अक्का म्हणजे त्यांची बायको, माझी मोठी काकू, पण सगळी मंडळी अक्का म्हणे म्हणून आम्हीही अक्काच. लग्नाआधी ती जिनिंगमध्ये कापूस निवडायला जायची, तिथला कापूस तिच्या छातीत जाऊन बसला तो कायमचा. एरवी बरी असायची. पण वेचणी सुरू झाली, गाड्या भरभरून कापूस रस्त्यावरून जायला लागला, की तिला दम लागायचा. नेमका सणाचा हंगाम. आणि गायची तर हौस दांडगी.

लग्नाला फार दिवस झाले नसतील तेव्हाची गोष्ट. अक्का चाळीसगावला माहेरी निघाली होती, नवऱ्याच्याच गाडीने. ऐन निघताना तिला आठवलं की आईसाठी केलेले तिळाचे लाडू घरीच राहिले. परत गेली, डबा घेऊन धावत आली. नाना शेवटच्या डब्याच्या दारात उभे. त्यांनी तिला येताना पाहिलं, घड्याळ पाहिलं आणि हिरवा बावटा दाखवला. गाडी सुटली. अक्का डबा पोटाशी धरून फलाटावर खाली बसली, श्वास घेता येईना. हमालांनी पाणी पाजलं.

नाना घरी आले तेव्हा लाडवांचा डबा उंबऱ्यातच होता. "मन्हासाठे एक मिनिट थांबता उनं नही तुमले?"

"टाइम म्हणजे टाइम," नाना म्हणाले. "गाडीले तुन्हं माहेर समजी राहिनी का तू?"

त्यानंतर अक्का बोललीच नाही. स्वयंपाक वेळेवर, कपडे वेळेवर, शब्द नाही. हे सगळं आम्हाला अक्काच सांगायची, नाना शेजारी बसलेले असताना, आणि ते पेपर वर धरायचे. मग आला कापणीचा सण. गाण्यात दुसरी ओळ झाली, नानांनी बायकांकडे पाहिलं. अक्काचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. छाती भरून आली होती. नानांनी झांज वर धरली आणि खाली आणलीच नाही. पेटीवाला पुढे निघाला होता, त्याच्याकडे वळून सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाले, "थांबा. ती ई राहिनी."

ती येतेय. अख्खी मंडळी थांबली. अक्काने श्वास घेतला, आणि म्हणे असा चढा सूर लावला की खिडकीवरची कबुतरं उडाली. कबुतरं ही अक्काची भर असावी. पण त्या दिवसापासून दरवर्षी, दर कडव्याला, धुळ्याची मंडळी थांबायला लागली. गार्डसाहेब गाडी थांबवत नाहीत, गाणं थांबवतात, असं लोक म्हणायचे. पुढे जन्मलेल्या पोरांना वाटायचं, गाणं लिहिणाऱ्यानेच ते तसं लिहिलंय.

याचा फटका बसला तो मला. मी आता जळगावला असतो, तिथल्या चर्चमध्ये पेटी वाजवतो, म्हणजे दुसरं कुणी तयार नसतं तेव्हा. एका वर्षी दोन्ही मंडळ्यांनी सण एकत्र करायचं ठरलं आणि आमची गायनमंडळी घेऊन मी धुळ्याला गेलो. सगळ्यांना सगळं सांगितलं होतं, बस किती वाजता, शर्ट कुठला, चप्पल कुठे काढायची. थांबायचं तेवढं सांगितलं नाही, कारण सणाला मी दरवर्षी धुळ्यालाच, आणि ते सांगायची गोष्ट आहे हेच मला ठाऊक नव्हतं. दुसरी ओळ संपली, धुळेकर थांबले, आणि जळगावकर पूर्ण जोमाने चढ्या ओळीवर चढले. मधोमध मी. थांबावं की वाजवावं याचा निर्णय न झाल्याने माझ्या पेटीतून जो आवाज निघाला तो अजूनही दोन्ही गावांत माझ्या नावावर आहे. नानांची झांज वरच. ते शांतपणे अक्काकडे बघत होते आणि अक्का तोंडाला पदर लावून हसत होती, त्यामुळे तिचा श्वास काही जमेना. जेवताना तिने मला भरीत वाढलं आणि म्हणाली, "खाय रे बाबा. तुन्हा इंजिनले कोळसा लागस."

अक्का करोनाच्या आदल्या वर्षी गेली. त्या नोव्हेंबरात मी वांगी घेऊन गेलो तेव्हा चर्चमधल्या प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न होता आणि विचारत कुणीच नव्हतं. तिसऱ्या बाकावर खिडकीजवळ कुणी बसलं नव्हतं. दुसरी ओळ संपली… नानांची झांज वर गेली. त्यांनी रिकाम्या जागेकडे पाहिलं. तितकाच वेळ. मग झांज पडली. बाहेर आल्यावर ते मला एवढंच म्हणाले, "उना का रे विजू? वांगा लयना का?"

गेल्या वर्षी मात्र अडचण आली. रूथची मुलगी एस्तेर कॉलेज संपवून धुळ्यात परत आली, हुशार पोरगी, की-बोर्ड उत्तम वाजवते. पेटीवाले म्हातारे झाले होते, गाण्याची बाजू तिने घेतली. उपासना आता मोबाइलवरून लाइव्ह जाते, पुण्या-मुंबईचे नातेवाईक घरी बसून बघतात. आधीच्या वर्षी गाणं थांबलं की खाली लिहून यायचं, आवाज गेला, आवाज गेला. शनिवारच्या सरावाला मी होतो, पताका वाकड्या आहेत हे सांगायला.

"आजोबा," एस्तेर म्हणाली, "या की-बोर्डचा ताल एकदा सुरू झाला की थांबत नाही हो."

"मंग बंद करी दे त्याले."

"मधेच बंद केला तर पुन्हा लागायला वेळ जातो. आणि… लोकांना वाटतं आपलं चुकलं."

रूथ डोळ्यांनी तिला गप्प करत होती. नानांनी झांजेची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली. "बरं," ते म्हणाले. "तुम्ही कराल ते बेस."

दुसऱ्या दिवशी गाणं न थांबता झालं. छानच झालं, खोटं कशाला बोलू. पण मी नानांकडे बघत होतो. दुसऱ्या ओळीनंतर त्यांनी चढी ओळ घेतलीच नाही. पुढच्या कडव्यालाही नाही. तिसऱ्या कडव्याला ते खाली बसले, झांज मांडीवर, तोंड उघडं, छाती वरखाली होतेय. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. वय झालं होतं. आता त्या थांब्याची गरज त्यांना होती. की-बोर्डवरून एस्तेरनेही मान वळवून पाहिलं, तिचा एक सूर चुकला, पण ताल पुढे जात राहिला. तो कसला थांबतोय!

जेवताना ती त्यांच्या ताटाशी जाऊन बसली. नानांनीच तिच्या पाठीवर थाप दिली. "गाडी टाइमवर सुटनी, पोरी. बेस झायं." आणि मग तिच्या ताटातली पुरी उचलून खाल्ली.

त्यानंतर वर्षभर ती दर रविवारी त्यांना हात धरून चर्चला आणायची, त्यांच्या पावलाने, मधे मधे थांबत. पुढच्या सणाला थांबू, असं तिने मनात धरलं होतं. पण सण नोव्हेंबरात, आणि नाना ऑक्टोबर संपता संपता गेले.

मातीच्या दिवशी घरात चूल पेटली नव्हती, मंडळीतल्या बायांनी डबे आणले. संध्याकाळी त्यांनीच माझी पिशवीही नेली, चर्चमागे वांगी भाजली आणि भरीत घरी पाठवलं. यंदाचं पहिलं भरीत आम्ही असं खाल्लं. रूथने पहिला घास घेतला आणि म्हणाली, बिया कमी आहेत.

आणि मग गेल्या आठवड्यात सण झाला. सरावाला एस्तेर काहीच बोलली नाही, ताल लावून गाणं सरळ म्हणून घेतलं. मी वांगी घेऊन गेलो होतो. मला पेटीवर बसवलं, आदराने की नाइलाजाने हे विचारलं नाही. खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर रूथने नानांची झांज ठेवली होती, तांबड्या दोरीची. पहिली ओळ झाली. दुसरी ओळ संपली. एस्तेरने बोट पुढे केलं आणि ताल बंद केला.

एकदम शांत. वर्षभरापूर्वीच सरळ म्हणायला शिकलेली मंडळी, पण एकही आवाज पुढे गेला नाही. पोरंसुद्धा नाहीत. माझी पेटीही नाही, हे नमूद करतो. सगळ्यांच्या माना खिडकीकडे. कणसांतून एक दाणा फरशीवर पडला, तो ऐकू आला. मग कुठल्या तरी म्हातारीने मोठ्याने श्वास घेतला, तिच्या पाठोपाठ सगळ्यांनी, आणि चढी ओळ जी उठली… एस्तेर वाजवत नव्हती. तिचे हात डोळ्यांवर होते.

ती उपासना मोबाइलवर अजून आहे. मी जेवल्यावर रोज लावतो, बायको आता वैतागली आहे. काल पुन्हा लावली. दुसरी ओळ संपली आणि आवाज थांबला, तशी ती आतून ओरडली, "अहो, नेट गेलं का?"

"नाही गं," मी म्हणालो. "थांब. येताहेत."