ओस्तियाच्या बंदरातली जहाजं

अविनाशच्या बायकोचा, मेधाचा फोन आला तेव्हा मी कावासाकी स्टेशनवर होतो. "अविनाश गेला," एवढंच ती म्हणाली. तेवढ्यात गाडी आली, ती मी जाऊ दिली... त्याला आता महिना उलटून गेला.

अविनाश आणि मी पुण्याहून जपानला एकाच प्रोजेक्टवर आलो, ओजिमातल्या एकाच इमारतीत राहिलो. सुट्टीच्या दिवशी आम्ही बाकीचे क्रिकेट खेळायचो. तो रोमन नाणी बघायला जायचा. सोन्याचांदीची नव्हेत, ऑगस्टस, क्लॉडियस, नीरो यांच्या काळातली ब्राँझची, बाजारहाटात हातोहात झिजलेली. हे वेड लावलं इशिकावा-सान या निवृत्त शिक्षकांनी. नाण्यांवरची लॅटिन अक्षरं वाचायला त्यांनीच त्याला शिकवलं.

पुढे त्यांनी आपला नाण्यांचा संग्रह सेंदाईच्या एका विद्यापीठाला द्यायचं ठरवलं. त्यासाठी घरी बोलावलेल्या बैठकीला अविनाशबरोबर मीही गेलो. विद्यापीठाच्या प्राध्यापिका आल्या होत्या, काही जुने संग्राहक होते. इशिकावा-सान यांनी आपलं सर्वांत लाडकं नाणं त्याच्या हातात ठेवलं. नीरोचं, मोठं, जड. मागच्या बाजूला ओस्तियाचं जुनं रोमन बंदर आणि त्यात दाटीने उभी जहाजं. "याच्याबद्दल तुम्ही सांगा," ते म्हणाले.

अविनाशने भिंग लावलं, ते काढेचना. मग मराठीत मला हळूच म्हणाला, "दोर आणि डोलकाठ्या नव्याने कोरल्यात रे."

"आत्ता नको बोलूस."

"मग विद्यापीठातली पोरं हेच खरं धरून शिकतील."

सगळे त्याच्याकडे बघत होते. "सेन्सेई," गुरुजींना म्हणतात तसं तो जपानीत म्हणाला, "नाणं अस्सल आहे. पण झिजलेली जहाजं अलीकडे कोणीतरी पुन्हा कोरली आहेत."

इशिकावा-सान यांनी नाणं परत घेतलं, कापडात गुंडाळलं, सगळ्यांना चहा द्यायला सांगितलं. आम्ही निघालो तेव्हा ते दारापर्यंत आले नाहीत.

नंतर कित्येक महिने त्यांचा फोन नाही. अविनाश ऑफिसात नीट काम करायचा, पण फोन वाजला की दचकायचा. "मी दुसरं काय बोलणार होतो?" असं एकदाच म्हणाला. शेवटी त्यांचा फोन आला तो रविवारी सकाळी. "रोज भिंगातून बघत होतो," ते म्हणाले. "तुमचं बरोबर आहे. माझ्याबरोबर सेंदाईला चला, विद्यार्थ्यांना ते तुम्हीच दाखवा." दोघं एकत्र गेले. परतल्यावर अविनाश दोन दिवस नुसता बोलत होता...

परवा ओजिमाला मेधाकडे गेलो. स्वयंपाकघराच्या खिडकीत काचेच्या वाटीत त्याची काही नाणी शुद्ध पाण्यात बुडवलेली. ब्राँझला आतून पोखरणारी हिरवी भुकटी अशीच, पाणी बदलत बदलत, हळूहळू काढतात. आता ते पाणी मेधा बदलते. त्यांची मुलगी सई वाटीवर वाकून बघत होती.

"निघाली का गं सगळी?" मी विचारलं.

तिने मान वर केली नाही. "मादा," जपानीत म्हणाली. अजून नाही.