होडीची दुसरी किल्ली

बँकेची तिजोरी एका किल्लीने उघडत नाही. एक मॅनेजरकडे असते, दुसरी कॅशियरकडे. दाजींच्या अंगात हा नियम इतका मुरला होता, की निवृत्तीनंतर घेतलेल्या होडीलाही त्यांनी दोन कुलपं लावली. एक किल्ली स्वतःकडे ठेवली, दुसरी मेहुण्याला दिली. पाण्यात एकट्याने जायचं नाही, एवढाच त्यामागचा विचार.

मेहुण्याचं औषधांचं दुकान. सुट्टीच्या दिवशी तो डोळे चोळतच धक्क्यावर यायचा.

"दाजी, लोक मेहुण्याला जेवायला बोलावतात."

"वल्हव आधी. भूक लागल्याशिवाय जेवणार काय, कपाळ?"

बदली म्हटली की बँकेतले इतर ती रद्द करायच्या खटपटीला लागायचे. दाजी नकाशा उघडून तिथे नदी आहे का ते बघायचे. परगावी प्रेक्षणीय स्थळं राहायची बाजूला. हे नावेत बसून पैलतीरी जाणार आणि त्याच नावेने परत येणार. पोहायला मात्र शेवटपर्यंत शिकले नाहीत. अंगातल्या लाइफ जॅकेटवर त्यांचा भरवसा होता. गेले ते घरी, झोपेत.

पुढे एके दिवशी मेहुण्याला बहिणीचा फोन आला. "होडीला गिऱ्हाईक आलंय. तुझी किल्ली घेऊन ये."

मेहुणा तोंड पाडून गेला. होडी जाऊ नये असं त्याला वाटत होतं. पण बरोबर कोण येणार? त्याच्या बायकोला झोपाळ्यावरही चक्कर यायची. आणि एकट्याने जाणं म्हणजे दाजींचा शब्द मोडणं.

"ताई, विकू नकोस ना."

"मग चालवणार कोण?"

"तेच तर. तुला पाण्याची भीती."

"कुणी सांगितलं?"

"दाजींनी. तू एकदाही आली नाहीस."

"मला विचारलं कुणी? आणि विचारलं असतं तरी आले नसते. ह्यांची टकळी दिवसभर चालायची. तुम्ही दोघं गेलात की घटकाभर घर शांत व्हायचं. आता काय, शांतताच शांतता."

मेहुण्याने खिशातली किल्ली काढलीच नाही. बहिणीने गिऱ्हाइकाला नकार कळवला.

पुढच्या सुट्टीला तो वल्ह्यांवर बसला आणि ती त्याच्यासमोर, सुकाणू धरून.

"ताई, डावीकडे!"

"तुझ्या की माझ्या?"

त्याला उत्तर सुचेपर्यंत होडी काठच्या गवतात शिरली.

"दात काय काढतोस? मागे घे," ती म्हणाली. "पलीकडे जायचंय मला."