जिभेखालची सुरुंगाची गोळी

आमच्या ह्यांना काहीतरी भयंकर झालंय हे मला कशावरून कळलं, तर ते मला म्हणाले, "तुझं बरोबर हाय." लग्नाला तेव्हा एकोणतीस वर्षं झाली होती. तेवढ्या वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं आणि ऐकायची आशाही केव्हाच सोडून दिली होती.

मळणीचे दिवस होते. सुपे तालुक्यातल्या आमच्या गावात त्या दिवसांत सकाळी इतकं धुकं असायचं, की खळ्यातला बैल दिसायचा नाही, नुसती घुंगरं ऐकू यायची. हे डोक्यावर भाताचा भारा घेऊन आले, भारा टाकला आणि मटकन खाली बसले. मी सवयीनं म्हटलं, "ह्या वयात कशाला उचलायचं? पोरगा हाय की." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, की मी तुझ्या माहेरच्यांसारखा लोण्याचा न्हाई. माझं माहेर खानापूरकडचं आणि माझी माणसं काही लोण्याची नाहीत, पण हे भांडण आम्ही रोज करायचो. त्या दिवशी मात्र ते म्हणाले, तुझं बरोबर हाय. मी हातातलं सूप खाली ठेवलं.

जवळ जाऊन बघते तर एवढ्या थंडीत कपाळावर घाम, तोंड राखेसारखं पांढरं आणि मूठ छातीवर गच्च दाबलेली. डावा हात खांद्यापासून करंगळीपर्यंत भरून आलाय म्हणाले, आणि जबडाही दुखतोय.

ह्यांची थोरली बहीण, म्हणजे माझ्या वन्सं, आमच्याकडेच राहायच्या. त्यांच्या मते जगातलं प्रत्येक दुखणं वायूचं. ताप आला तर वायू, खोकला झाला तर वायू, एकदा बैल लंगडला तर तोही वायूनंच. त्यांनी ह्यांच्या पोटावर हिंग चोळला आणि मूठभर ओवा तोंडात कोंबला. ओव्याच्या वासानं उठून जाणारा माणूस, पण निमूटपणे चावत बसला.

"त्याला जरा चालवा. चाललं की वायू सरतो," वन्सं म्हणाल्या.

"ते एक पाऊल चालायचे न्हाईत," मी म्हटलं आणि त्यांच्यापुढे बसूनच राहिले. मला काही वैद्यकी येत नव्हती. पण भारा आणताना छाती जास्त दुखत होती आणि बसल्यावर थोडी कमी झाली, एवढं मी त्यांना विचारून घेतलं होतं. चालताना वाढलेलं दुखणं चालून कसं जाईल, हे वन्संनी मला आजवर सांगितलेलं नाही. मी पोराला गाडी जुंपायला लावली. चौघांनी ह्यांना उचलून गाडीत ठेवलं, वन्संही चढून बसल्या आणि आम्ही सुप्याच्या दवाखान्यात गेलो.

डॉक्टर धारवाडकडचे, काटकुळे, फार गोड बोलणारे. त्यांनी विचारलं, "काय झालं बाई?"

मी म्हटलं, "ह्यांनी माझं ऐकलं."

त्यांनी आधी माझीच नाडी धरली. आजारी कोण आहे याचा त्यांना घोटाळा झाला असावा. मग त्यांनी ह्यांच्या छातीला नळी लावली, कपाटातून एक इवलीशी बाटली काढली आणि राईएवढी पांढरी गोळी ह्यांच्या जिभेखाली ठेवली. गिळायची नाही म्हणाले. विडा चघळून होईस्तोवर ह्यांच्या तोंडावर रंग परत आला, आणि लगेच ते डोकं धरून उठून बसले.

"डाक्टर, ही डोकेदुखी माझ्या ओळखीची हाय."

तरुणपणी हे घाटातल्या रेल्वेच्या कामावर होते. तिथं सुरुंगाच्या कांड्या उचलून न्यायचं काम ह्यांचं. कांड्या हाताळल्या की डोकं असंच ठणकायचं, असं त्यांनी सांगितलं. डॉक्टर तर खूषच झाले. त्या रानात त्यांच्याशी औषधाबद्दल बोलायला दुसरं होतं कोण?

"अगदी बरोबर ओळखलंत. सुरुंगाच्या कांडीत जे असतं, तेच ह्या गोळीत आहे. कणभरच. त्यानं हृदयाच्या नसा सैल होतात."

चांगला शिकलेला माणूस, पण हे वन्संसमोर बोलला.

मग त्यांनी पथ्य सांगितलं. ओझं उचलायचं नाही, विडी ओढायची नाही, तडस लागेपर्यंत जेवायचं नाही, कुणावर चिडायचं नाही. छातीत दुखलं की खाली बसायचं आणि मगच गोळी जिभेखाली ठेवायची. उभ्यानं घेतली तर रक्त पायांत उतरतं आणि माणूस भोवळ येऊन पडतो. पडलाच तर सपाट निजवा, पाय उंचावर ठेवा आणि मोठ्यानं नाव घेऊन हाक मारा. ओ दिली तर नुसती भोवळ. नाही दिली तर मला ताबडतोब निरोप धाडा.

"नाव घेऊन?" मी विचारलं.

"नाव घेऊन."

पुरुषांच्या हे लक्षातच येत नाही. बायकोनं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरीलाही माहीत. मी ते लग्नात एकदा उखाण्यात घेतलं होतं, तेही इतक्या हळू की वन्सं म्हणाल्या पुन्हा घे. मी घेतलं नाही. आता इथंही लिहिणार नाही.

वन्सं गाडीतून उतरल्या त्या तडक शेजारी गेल्या. दोन दिवसांत गावभर झालं, की ह्यांच्या पोटात सुरुंगाची दारू भरली आहे. त्यानंतर ह्यांना कुणी चुलीजवळ बसू देईना. विडी तोंडात घातली की चार माणसं हात पसरून धावायची. पाठीवर थाप मारायची तर सोडाच, कुणी खांद्याला हातही लावेना. बांधावरून आमच्याशी कोर्टात भांडणारा शेजारी, त्यानं आपण होऊन बांध मागं सरकवला, वर हात जोडून म्हणाला, "तुम्ही फकस्त चिडू नका." उळवीच्या जत्रेला निघालो तर गाडीत ह्यांच्याबरोबर बसायला कुणी तयार होईना. गाडीवान बैलांच्या पुढं शंभर पावलं चालत होता आणि तिथूनच बैलांना हाका देत होता. देवळात हे शिंकले तर पुजाऱ्यानं आरती विझवली.

मी कुणालाच खरं सांगितलं नाही. का सांगू? विडी नाही, ओझं नाही, संताप नाही, हे पथ्य मला एकटीला सात जन्मांत पाळून घेता आलं नसतं. आता सगळा गाव पाळून घेत होता. भांडण मलाही सोडावं लागलं, तेवढं एक जड गेलं. हे मात्र मजेत होते. देवळाच्या कट्ट्यावर गर्दी असली की नुसता घसा खाकरायचे, की लगेच ऐसपैस जागा.

मग आमच्या नातीचं बारसं आलं. भर दुपारी पंगत बसलेली, घर माणसांनी गच्च. मी डोळे वटारत होते तरी ह्यांनी पाचवी पोळी घेतली. जेवण झालं आणि छातीत दुखायला लागलं. पाहुण्यांना कळू नये म्हणून हे माजघराच्या दाराआड गेले आणि तिथं उभ्याउभ्याच गोळी जिभेखाली ठेवली. मी हातातली परात टाकून धावले, तोवर हे धाडकन आडवे.

"पेटला!" वन्सं ओरडल्या.

आधी पाळणा बाहेर गेला. मग पाहुणे, मग आमचा पोरगा आणि सून. एक पाहुणा ताट घेऊन पळाला. शेवटी वन्संनी बाहेरून दाराला कडी घातली.

मी आत एकटी. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे त्यांना सरळ केलं, पाय भाताच्या पोत्यावर चढवले. ओठ पांढरे पडले होते. मी हाक मारली, "अवो." काही नाही. पण एकोणतीस वर्षं मी स्वयंपाकघरातून अवो म्हणत आले आणि ह्यांनी कधी धड ओ दिली नव्हती, त्यावरून काय ठरवायचं? पुन्हा म्हटलं, "अवो, अवो." तोंडावरची रेघसुद्धा हलली नाही. मला रडू फुटलं. बंद दाराआडून ओरडले, "वन्सं, तुम्ही तरी नाव घेऊन हाक मारा." पण ज्यांना नाव घ्यायची मुभा होती, त्या विहिरीच्या पलीकडे पोचल्या होत्या.

नाव घेतलं तर आयुष्य कमी होणार. पण त्या तोंडाकडे बघून मला वाटलं, आता कमी व्हायला उरलंय काय? मी त्यांचा कान धरला आणि मोठ्यानं नाव घेतलं. एकदा सुरू केलं तर मला थांबताच येईना. बापाच्या नावासकट, आडनावासकट घेतलं. अंगणातला गलबला एकदम थांबला.

ह्यांनी एक डोळा उघडला. "कोरटातनं कोण आलंय?"

"कोण न्हाई. गप पडा."

"नाव तू घेतलंस व्हय?"

"न्हाई."

"घेतलंस. मी ऐकलं."

मी त्यांच्या दंडावर एक चापट मारली, मग मारायचं नाही हे आठवलं, आणि तिथंच बसून ढसाढसा रडले. ते पोत्यावर पाय ठेवून मला हसत होते.

त्यानंतर ते नऊ वर्षं जगले. वन्संचा हिशेब वेगळा होता. त्या म्हणायच्या, "माझा भाऊ शंभर वर्षं जगायचा, उरलेली हिनं खाल्ली." ह्यांना तर नवा खेळच सापडला. मी अवो म्हटलं की डोळे मिटून पडायचे आणि ओ द्यायचे नाहीत, मी नाव घेते का बघायला. मी कधी घेतलं नाही. पोतं ओढायची, त्यावर त्यांचे पाय आदळायची, की त्यांना हसू आवरायचं नाही.

पुन्हा मळणीचेच दिवस होते. सकाळी मी हाक मारली, "अवो, पेज निवली." डोळे मिटलेले. म्हटलं, ढोंग पुरे. पोतं ओढलं, पाय वर ठेवले. ते हसले नाहीत. मग मी नाव घेतलं. नुसतं घेतलं, मग बापाच्या नावासकट, मग आडनावासकट. ह्या वेळी घरातलं कुणीच अंगणात पळालं नाही. वन्संही शेजारी बसून नाव घेऊन हाका मारत होत्या. आम्हा दोघींनाही त्यांनी ओ दिली नाही.