धुणेवालीचे हात

काल तालमीत सरांनी धुणेवालीची भूमिका करणाऱ्या मेघनाच्या हातांना काजळी फासली. नाटक एका फ्रेंच लेखकाचं. कादंबरी असो की नाटक, तो म्हणे आधी धोबीघाट, गुत्ते हिंडायचा, डोळ्यांनी पाहिलेलंच लिहायचा. त्यासाठी आयुष्यभर शिव्या खाल्ल्या त्याने.

मी चाचरत म्हणालो, "सर, धुणं धुणाऱ्या बाईचे हात काळे नसतात. पांढरे पडतात, सुरकुततात."

"अरे, शेवटच्या रांगेला गरिबी दिसायला नको का?"

सगळे हसले. माझी आई चार घरची धुणी धुते, हे मात्र मी सांगितलं नाही. तो लेखक जे बघायला हिंडला, ते मला रोज आई ताट वाढते तेव्हा तिच्या हातांवर दिसतं. सरांपेक्षा आता माझाच राग येतोय.

शनिवारी प्रयोगाला आई येणार आहे. पहिल्या रांगेत बसेल.