थोरल्या आत्याची वाटी

विंचवाला, वळवाच्या विजेला आणि सासऱ्याला न घाबरणारी माणसं मी आमच्या परभणी जिल्ह्यात पुष्कळ पाहिली; पण माझ्या थोरल्या आत्याच्या हातातल्या वाटीला न घाबरणारा माणूस अजून जन्माला यायचाय. सोनपेठहून ती एसटीत बसल्याची नुसती खबर लागली, की इकडे झरीत आमच्या घरातला आरसा भिंतीकडे तोंड करायचा. तिच्या लेखी माणूस म्हणजे कोंड्यासकटचं पीठ. चाळला, मळला की उजळलाच पाहिजे. उंबऱ्यात पाय ठेवतानाच ती समोर सापडेल त्याची हनुवटी धरायची, चेहरा उजेडाकडे वळवायची आणि म्हणायची, "काय रे ही दशा? तवा बरा हाय तुझ्यापेक्षा." मग साय, दही, लिंबू, बेसन सगळं आमच्या तोंडाला, आणि तोंडात कोरडी भाकर.

दहावीच्या परीक्षेआधी तिनं ज्वारीचं पीठ आणि ताक घेऊन मला असा घासला, की हॉलतिकिटावरच्या फोटोशी चेहरा जुळेना. पर्यवेक्षकांनी माझ्या कानामागे बघितलं, तिथं मूळ रंग शिल्लक होता, म्हणून गणिताचा पेपर मिळाला. चुलत्याच्या केसांना दही थापलं, तर गावातली मांजरं त्याच्या मागं थेट शेतापर्यंत. पाथरीच्या एका लग्नात नवरदेवाला एवढी हळद चोळली, की फोटोत झेंडूचा हार कुठं संपतो आणि नवरदेव कुठं सुरू होतो, हे त्याच्या बायकोलाही अजून सांगता येत नाही.

एवढं असून तिचा लेप कधी कुणाला बाधला नाही, हेही खरं. कारण तिचं नाक. मसुरीची डाळ, संत्र्याची साल, आंबेहळद, नागरमोथा, सगळं ती वासावर ओळखायची. डब्यावर नाव लिहिलेलं तिला खपत नसे. "नाक काय नुसतं नथीपुरतं दिलंय का देवानं?" असं विचारायची. शिवाय तिचा एक कायदा होता: नवरीला उटणं लावायच्या आधी घरातल्या एकाच्या तोंडावर लावून बघायचं. तो एक म्हणजे मी. जावई येण्याच्या वयातही मीच.

माझ्या लेकीचं लग्न परवावर आलं, तशी ती पोर दोन्ही हात जोडून माझ्यासमोर उभी राहिली. "पप्पा, परभणीची पार्लरवाली ठरलीय. आत्याआजीला आवरा. तोंडावर काही उठलं तर मी बोहल्यावर उभी कशी राहू?" मी छाती पुढं काढून 'बघतो' म्हणालो आणि धान्याच्या खोलीत जाऊन बसलो. आत्यानं मला तिथंच गाठलं.

बाहेर अंगणात बायका येसर भाजत होत्या. येसर म्हणजे लग्नाच्या आमटीत घालायची धान्याची, लाल मिरचीची पूड. त्या खकाण्यानं सगळं घर शिंकत होतं, मांडव घालणारे शिंकत होते, दावणीची म्हैससुद्धा शिंकली. आत्या तेवढी शांत. मला वाटलं, मिरचीही हिला घाबरते.

लग्नघरात स्टीलचे डबे सगळे सारखे. तिनं एक उघडला, डोळे मिटून लांब श्वास घेतला, "काय घमघमायलंय उटणं," म्हणाली, दुधात कालवलं आणि माझ्या दोन्ही गालांवर फासलं. पहिल्याच बोटाला मला कळलं, हे येसर आहे. कानातून वाफ निघते की काय असं झालं.

"थंड वाटायलंय का?"

"लय," मी म्हणालो. ओरडलो असतो, तर अंगणातल्या बायका धावत आल्या असत्या आणि तिच्या हातात पुन्हा कुणी वाटी दिली नसती. पण गप्प बसलो, तर पुढचं तोंड माझ्या लेकीचं होतं. आत्यानं तिला हाक मारलीही.

लेक दारातच शिंकली. तिनं माझ्याकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं आणि पांढरी पडली.

"ये, बस. बापाचा चेहरा बघ, कसा लाल फुटायलाय."

लेकीनं आत येऊन दाराची कडी लावली. मग हळूच म्हणाली, "आत्याआजी, ह्यात मिरची हाय."

आत्यानं वाटी नाकाशी नेली. पुन्हा नेली. मग नाक जवळजवळ बुडवलंच. वर बघितलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर भीती होती, आणि तिला घाबरायला येतं हे मला माहीतच नव्हतं.

"मला कायच वास यायला न्हाई," ती म्हणाली. "दिवाळीपास्नं. मला वाटलं, सर्दी हाय." मग पदरानं माझे गाल पुसायला लागली. "बाहेर सांगू नको रे."

लेक मागच्या दारानं स्वयंपाकघरात गेली आणि बेसन, साय, चिमूटभर हळद घेऊन आली. एकेक वस्तू आत्याच्या हातात देताना तिचं नाव घेत गेली, जणू सहजच. मग तिच्यासमोर मांडी घालून बसली आणि डोळे मिटून घेतले. पापण्या थरथरत होत्या, पण बसली.

आत्याची बोटं गालापाशी येऊन थांबली.

"लावू का गं?"

माणसाला विचारून लेप लावायची तिची ही पहिलीच वेळ असावी.

"लाव की. आणि पार्लरवालीसारखं गोंजारू नको, चोळ चांगलं."

आत्यानं चोळलं. पण हात हलका होता, झोपलेल्या लेकराच्या अंगावरून फिरवावा तसा. तिचा असा हलका हात मी कधी पाहिला नव्हता. पुन्हा बघायची मला भीती वाटते.