चनबसप्पाच्या गिटारीतला सेल

चाटी गल्लीत खण-लुगडी विकणारा चनबसप्पा संध्याकाळी ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो, हे गिऱ्हाइकांना सांगूनही पटत नसे. माणूस इतका मवाळ, की गिऱ्हाइकानं भाव पाडला तर हाच ओशाळायचा. वाद्यही त्यानं स्वभावाला शोभेल असंच निवडलं होतं, सगळ्या गाण्याखाली घुमणारं, पण वेगळं ऐकू न येणारं. गाणारीला टाळ्या मिळत, ढोलकीवाल्याला शिट्ट्या मिळत, आणि याला लोक विचारत, "तुमी सामानाच्या गाडीबरोबर आलता का?"

लोकांचं त्याला काही वाटत नसे. बायकोचं मात्र फार वाटे. गौरम्मा अक्कलकोटकडची, गाण्याची भारी हौस. प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसे आणि घरी जाताना न चुकता विचारी, "समदं झाक झालं. पर त्यातलं तुमचं कुठलं हो?"

मग हा भर रस्त्यात तोंडानं 'धुम् धुम्' करून दाखवी. "हां, ते व्हय," ती म्हणे, आणि तिला काडीचंही कळलेलं नाही हे चेहऱ्यावर स्वच्छ दिसे. बाकी जग बहिरं असलं तरी चालेल, पण या एका बाईला आपला आवाज ओळखता यावा, एवढीच बिचाऱ्याची आस होती.

रेडिओ दुरुस्त करणारा ईश्वरप्पा त्याचा शाळासोबती. अठ्ठ्याहत्तर साली त्यानं कुठल्याशा मासिकात वाचलं आणि धावत दुकानात आला. "परदेशात आता गिटारीच्या पोटातच सेल बसवत्यात. तुझा आवाज लांब वायरीतनं जाईस्तवर दमतोय. सेल घातला की कसा खणखणीत निघंल बघ."

चनबसप्पाचं मन होईना. साध्या गिटारीचा आवाज मऊ होता, गोल होता, त्याच्या बोटांना सवयीचा होता. शिवाय वाद्याला खायला घालायचं म्हणजे काय, ती काय म्हैस आहे? बरेच दिवस तो घोळ घालत बसला. पण एका कार्यक्रमानंतर गौरम्मानं पुन्हा तोच प्रश्न विचारला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो गिटार घेऊन ईश्वरप्पाच्या दारात हजर झाला.

ईश्वरप्पानं आत चिमुकलं पण खादाड सर्किट आणि चौकोनी सेल बसवला. "वायर खोचली की सेल चालू, काढली की बंद. ध्यानात ठेव," त्यानं बजावलं. तालमीत आवाज असा सणसणीत निघाला की खिडकीचं तावदान थरथरलं. दसऱ्याच्या कार्यक्रमात गौरम्माला आता विचारावं लागणार नाही, याची चनबसप्पाला खात्री पटली.

मधे आली खंडेनवमी. देवापुढे कापड मोजायचा गज, कात्री आणि गिटार मांडली. गौरम्मा म्हणाली, "हत्यार अर्धंमुर्धं पुजू नये. वायर लावा की तिला." त्यानं भक्तिभावानं वायर खोचली, वर झेंडूची माळ घातली. पुजलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, हा घरचा दंडक. सेल बापडा देवापुढे रात्रंदिवस राबतो आहे, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

दसऱ्याला पहिली गाणी जोरात झाली. चनबसप्पा दर कडव्याला बायकोकडे बघत होता आणि बायको गाणारीच्या शालूकडे. पुढच्या गाण्यात आवाज घोगरा झाला, मग बारीक झाला, मग गेलाच. बोटं चालली होती आणि ऐकू काही येत नव्हतं. मंचाखाली ईश्वरप्पानं कपाळावर हात मारला. बाकी हजार माणसांत कुणाला पत्ता नाही. चनबसप्पाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून गौरम्मा उठली. इकडेतिकडे बघत थेट मंचापाशी आली. "अवो, काय झालं? गाणं अधांतरी लोंबाय लागलंय की. तुमचं थांबलं का?"

चनबसप्पानं मान डोलावली. ज्या आवाजावर ती इतकी वर्षं निवांत बसून गाणी ऐकत आली, तो तिला आज गेल्यावर कळला होता.

मध्यंतरात ईश्वरप्पा नवा सेल घेऊन धावत आला. "नको," चनबसप्पा म्हणाला. "वायरी पयल्यासारख्या जोडून दे." उरलेला कार्यक्रम त्यानं साध्याच गिटारीवर केला, मऊ आणि गोल.

घरी जाताना गौरम्मानं नेहमीचा प्रश्न विचारला नाही. चालता चालता म्हणाली, "शेवटच्या गाण्यात तुमी जरा घाई केली."

"केली की," चनबसप्पा म्हणाला. आयुष्यात कुठली चूक त्यानं इतक्या आनंदानं कबूल केली नव्हती.