कुंडलिकआबांचं बिनधुराचं घर

तोरण्यावरून उतरलेलं धुकं वाडीत येऊन असं ठाण मांडून बसलं होतं, की गोठ्यातली म्हैस आधी ऐकू यायची आणि मग दिसायची. रतनबाईनं कानाला फडकं आवळून धार काढली. बोटं गारठून लाकूड झाली होती. किटली भरून ती अंगणात आली आणि सवयीनं छपरांकडं बघू लागली.

ही तिची जुनी खोड. वाडीतली तरणी माणसं पुण्याला, मागं उरली ती सगळी म्हातारीकोतारी. ज्याच्या कौलांतून धूर निघाला ते माणूस उठलं, त्याचं पाणी तापायला लागलं, हे तिला लांबूनच कळायचं. धूर दिसला नाही, की ती त्याच्या दारात जाऊन आधी शिवी हासडायची, मग हाक मारायची.

शेजारच्या कुंडलिकआबांचं घर मात्र दिवाळीपासून मुकं होतं. त्यांच्या पुण्यातल्या मुलानं, अमृतनं, कौलारू घर पाडून स्लॅबचं बांधलं, सरकत्या काचा बसवल्या, पांढराशुभ्र रंग दिला आणि भिंती काळ्या होतील म्हणून चूलच काढून टाकली. गॅस दिला होता. पण गॅसपुढं हात शेकत कोण बसतं? मग रतनबाईनंच ठरवून दिलं होतं, की आबांनी रोज सकाळी अंगणात येऊन मोठ्यांदा खोकायचं.

आज खोकला आला नाही.

किटली तिथंच टाकून ती धावली. दाराला आतून कडी. काचा घट्ट लावलेल्या.

"आबा! ओ आबा! मेला का काय?"

दारावर दगड हाणला तेव्हा कुठं आबांनी आतून कडी काढली. त्यांनी चौकट धरली होती. "रतने, डोकं लई फिरतंय गं," म्हणत ते उंबऱ्यातच बसले. आत खाटेशेजारी निखाऱ्यांचं घमेलं. कौलारू घरात ते असंच उशाला घेऊन निजायचे. तिथं वारा कुठूनही आत यायचा, कुठूनही बाहेर जायचा. इथं निखाऱ्यांचा विषारी वायू आतच कोंडला, बंद डब्यात निजल्यासारखं झालं. रतनबाईनं त्यांना बखोटीला धरून अंगणात ओढलं, स्वतःचं घोंगडं त्यांच्यावर टाकलं. दुधाचा टेम्पो घेऊन धनाजी आला, तेव्हा किटल्यांच्या मधे आबांना बसवून ती दवाखान्यात घेऊन गेली.

नाकाला नळी लावल्यावर दुपारपर्यंत आबांच्या चेहऱ्यावर रंग आला. तेव्हा तिनं खाटेशेजारूनच अमृतला फोन लावून झालं ते सांगितलं.

"काकी, त्यांना कितींदा सांगितलं, आत जाळ करू नका म्हणून! रंग अजून कोरा हाय."

"जाळ करू नका म्हणलास, पर थंडी वाजली तर काय करायचं ते सांगितलंस का? भिंतींना नटवलंस आन बापाला गारठ्यात टाकलंस!"

"तसं न्हाई, काकी..."

"भिंती काळ्या व्हतील म्हणं! आज बाप काळानिळा पडला असता, मंग त्याला कुठला रंग देणार व्हतास?"

"जाऊ दे, रतने," आबा पुटपुटले, "पोरानं हौसंनं बांधलंय."

हे ऐकून ती जास्तच भडकली. "तुमी गप पडा! तुमच्या ह्या लाडानंच तो शेफारलाय. गारठलो म्हणून एक शब्द बोलला न्हाई त्याला."

 फोनमधून अमृतचा आवाज आला, पडलेला. "काय करू सांग, काकी."

"रविवारी ये. मागल्या अंगाला उघडी पडवी काढ, तितं चूल मांड. तवर आबा माझ्या घरी. कुणी इचारलं तर सांग, आमचं घर बघायचं हाय, ऱ्हायचं न्हाई!"

"येतो."

"येताना बापाला जाड सोटर आण. रंगाचा डबा नगं."

ऊन कलताना ती दोघं वाडीत परतली. रतनबाईनं आपल्या चुलीच्या अंगाला आबांचं अंथरूण घातलं, पुढचं दार उघडं ठेवलं, जाळ सारला. कौलांतून धूर वर निघाला.

"डोळ्यात धूर जातोय गं," आबा कुरकुरले.

"जाऊ द्या. खोका."

सकाळपासून गोठा तसाच पडला होता. पदर खोचून, पाटी आणि खराटा घेऊन ती शेण काढायला गेली.